चौकड्यांचे शर्ट आणि वखारीतलं गाणं

पुरुषांचे शर्ट शिवणारी बाई म्हणून बसवनगुडीत लोक मला ओळखायचे, आणि तेही जरा लांबूनच. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ‘तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा’ असं सांगणं आलं, तेव्हा मला वाटलं होतं की लग्नाचे सूट आठवतील, नाहीतर वकिलांचे काळे कोट. आठवले ते चौकड्यांचे शर्ट. साठच्या दशकात ती एक विचित्र लाट आमच्या दुकानावरून गेली, तिच्याबद्दलच लिहिते.

आधी दुकानाबद्दल. आमचं घराणं शिंप्यांचं. कित्येक पिढ्यांपूर्वी फौजेच्या मागून तंबू आणि घोड्यांच्या झुली शिवत इकडे कन्नड मुलखात आलं, असं घरात सांगतात. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. मी लग्न होऊन हुबळीला गेले होते आणि नवरा वारल्यावर परत आले. त्यावर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते इथे नको. परत आले तेव्हा माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. कापड कापताना कात्री भरकटायला लागली होती. एके दिवशी मी त्यांच्या हातातून कात्री घेतली. ते स्टुलावरून उठून खुर्चीवर बसले. त्या दिवसापासून कटिंग माझं झालं.

पण बाईमाणसानं परक्या पुरुषाच्या छातीभोवती टेप धरायची म्हणजे गिऱ्हाईक पळालंच असतं. म्हणून टेप अप्पा धरत आणि मी पलीकडून बघत असे. टेपेचा आकडा निम्मंच सांगतो. माणूस कोणता खांदा पाडून चालतो, पोट आत ओढून उभा आहे का, हे आकड्यात येत नाही. अप्पा आकडा सांगत, मी तो लिहून घेई आणि शेजारी मनानं बोटभर वाढवी किंवा कमी करी. शर्ट बरोबर बसला की गिऱ्हाईक अप्पांना शाबासकी देई. अप्पा माझ्याकडे बघून मिशीत हसत.

दुकान लालबागच्या अंगाला होतं आणि माझी मशीन मागच्या खिडकीशी. ती खिडकी एका लाकडाच्या वखारीत उघडायची. तेव्हा जयनगरात घरामागून घर उठत होतं, आणि प्रत्येक घराला दारं, चौकटी, खिडक्या लागायच्या. मलनाडाच्या डोंगरी जंगलातून लॉऱ्या भरून ओंडके येत. वखारीच्या मालकांना आम्ही शेट्टरु म्हणत असू. त्यांच्याकडे ओंडके कापायला दोन भाऊ होते. थोरल्याला सगळे दोड्डय्या म्हणत, धाकट्याला चिक्कय्या. कन्नडमध्ये दोड्ड म्हणजे मोठा आणि चिक्क म्हणजे लहान. खरी नावं शेट्टरुंना तरी ठाऊक होती की नाही कोण जाणे.

हे काम कसं चालतं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ओंडका दोन माणसं उंच अशा लाकडी मांडणीवर चढवतात. सुतळी काळ्या रंगात बुडवून, ताणून, टिचकी मारून त्यावर सरळ रेघ उमटवतात. मग एक माणूस ओंडक्यावर उभा राहतो, दुसरा खाली. मध्ये माणसापेक्षा उंच करवत. वरचा ती ओढून घेतो, खालचा खाली खेचतो. वरच्यानं रेघ सांभाळायची, खालच्यानं जोर द्यायचा. खालच्याच्या अंगावर दिवसभर भुसा गळत असतो, म्हणून तो डोक्यावरून फडकं घेऊन ते भुवयांपर्यंत बांधतो. दोघांचा ताल चुकला की करवत अडकते आणि फळी वाकडी निघते. ताल राहावा म्हणून ते गातात. वरचा एक ओळ म्हणतो, खालचा तिला उत्तर देतो.

मी मशीन चालवता चालवता ते गाणं ऐकायची. सुरुवातीला वाटलं, जुनं काहीतरी पाठ असेल. मग लक्षात आलं की ओळी रोज वेगळ्या असतात.

‘गाठ आली, गाठ आली, जपून रे हो,’ असं वरून कन्नडमध्ये यायचं.

‘दिसली मला, दिसली मला, ओढ रे हो,’ असं खालून.

इथपर्यंत ठीक. पण एकदा वरून आलं, ‘तांबड्या गाईला वासरू झालं हो.’ खालून उत्तर, ‘खोंड की कालवड, सांगेल का कुणी हो.’ करवत दोनदा वरखाली झाली आणि वरून आलं, ‘कालवड झाली, कपाळी चांदणी हो.’

माझा पाय मशीनवर थांबला. ही तर घरची बातमी चालली होती! मग मी नीट लक्ष ठेवायला लागले. करवत थांबली की दोघं गप्प. जेवायला ओंडक्याच्या दोन टोकांना बसत. चिक्कय्या चहावाल्याकडून दोन पेले आणी, एक ओंडक्यावर ठेवून निघून जाई, आणि तो लांब गेल्यावर दोड्डय्या पेला उचले. करवतीला तेल लावायचं असेल तर एकजण तेलाची बाटली दुसऱ्याच्या पायाशी ठेवी. शब्द नाही.

मी शेट्टरुंना खिडकीतून विचारलं, ‘हे दोघं बोलत नाहीत का?’

‘माझ्याकडे आल्यापासून तर नाही, अक्का,’ ते म्हणाले. ‘मला फळी सरळ मिळते. मी कशाला विचारू?’

त्यांचंही बरोबर होतं. पण मला चैन पडेना.

याच सुमाराला लेस्ली आमच्याकडे आला. कॅन्टोन्मेंटमध्ये राहणारा अँग्लो-इंडियन मुलगा, रेल्वेत फायरमन. उंच, हातांवर कोळशाची काळी झाक, आणि बोलणं कन्नड, तमिळ, हिंदी, इंग्रजी असं सगळं मिसळलेलं. त्याच्या काखेत गाण्याच्या तबकडीचं कव्हर होतं. कव्हरावर एक गोरा लाकूडतोड्या. अंगात मोठ्या चौकड्यांचा जाड शर्ट, गॅलिसच्या पट्ट्यांची पँट, खांद्यावर कुऱ्हाड, मागे उंच झाडं.

‘मला असा दिसायचंय, सिस्टर,’ तो म्हणाला.

अप्पांनी कव्हर डोळ्यांजवळ नेलं. ‘झाडं तोडायला जाणार आहेस?’

‘गाणार आहे,’ लेस्ली म्हणाला. तो आणि त्याचे दोस्त रविवारी परदेशातल्या लाकूडतोड्यांची गाणी गिटारवर म्हणत. ती तेव्हा नवी टूम होती. कॅन्टोन्मेंटमधल्या एका शाळेच्या पटांगणात जत्रा भरणार होती, तिथे त्यांचा कार्यक्रम ठरला होता. ‘मी जन्मात झाड तोडलं नाही. पण कोळसा ओढतो. कोळसा म्हणजे जुनं लाकूडच की!’

कॅन्टोन्मेंटमधल्या मोठ्या शिंप्यांनी त्याला परत पाठवलं होतं. कारण उघड होतं. जाड फलालीन, मोठे चौकडे, आणि त्याला हवं होतं की चौकडा कुठेही तुटू नये. साध्या भाषेत सांगायचं तर खिशावरची रेघ छातीवरच्या रेघेवर बसली पाहिजे, बटणपट्टीच्या दोन्ही बाजू एकमेकींना मिळाल्या पाहिजेत, बाहीची आडवी रेघ अंगाच्या रेघेला जुळली पाहिजे. यात कापड वाया जातं आणि वेळ तर फारच. अप्पा मला आमच्या कन्नड मिसळलेल्या मराठीत म्हणाले, ‘स्वल्प विचार कर, सावित्री.’ मी म्हटलं, ‘सरी, करते.’ मला ते कोडं सोडवून बघायचं होतं.

शर्ट कच्चा शिवून झाला आणि लेस्ली ट्रायलला आला. अंगावर शर्ट, एक बाही टाचलेली, दुसरी अजून लावायची, जागोजागी टाचण्या. इतक्यात मागे वखारीत गाणं सुरू झालं. लेस्लीनं मान वळवली. मग तो तसाच माझ्या खिडकीशी आला, आणि तिथून समाधान होईना म्हणून दुकानातून बाहेर पडून, वळसा घालून थेट वखारीत.

‘टाचण्या!’ मी ओरडले. तो कुठला ऐकतोय!

मी खिडकीतून बघत राहिले. एका बाहीचा गोरटेला माणूस समोर येऊन उभा राहिलेला पाहून दोड्डय्यानं करवत थांबवली. चिक्कय्यानं फडकं वर सरकवून पाहिलं. लेस्लीनं हातानं ‘चालू द्या, चालू द्या’ अशी खूण केली. दोड्डय्यानं शेट्टरुंकडे पाहिलं. शेट्टरुंनी खांदे उडवले. करवत पुन्हा चालू झाली आणि वरून नवी ओळ आली, ‘अर्ध्या शर्टाचा पाहुणा आला हो.’ खालून उत्तर आलं, ‘उरलेला शर्ट शिंपिणीकडे हो.’ मी हसून हसून खिडकीच्या गजाला धरलं.

त्या दिवसापासून लेस्ली सुट्टी असली की वखारीत. गिटार घेऊन ओंडक्यावर बसे आणि त्यांच्या तालावर हळूच तारा छेडी. भावांनाही तो आवडायला लागला. कव्हरावरच्यासारखी कुऱ्हाड त्याला हवी होती. बाजारातून आणलेली कुऱ्हाड त्यानं चिक्कय्याला दाखवली. चिक्कय्यानं जुना दांडा काढून टाकला, लेस्लीचा हात लांब करायला लावला आणि काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत दोरी धरली. दांडा त्या मापाचा घडवला, काचेच्या तुकड्यानं गुळगुळीत केला आणि वर पाचर ठोकली. माझ्या धंद्यातल्या मापाचं कौतुक मला, पण कुऱ्हाडीलाही माणसाचं माप लागतं हे मला तेव्हा कळलं. लेस्ली ती कुऱ्हाड बसमधून मिरवत घरी घेऊन गेला. कंडक्टरनं त्याला मागच्या बाकावर बसवलं म्हणे.

मग त्याच्या डोक्यात आलं की या दोघांनी जत्रेत गायला हवं. भावांना विचारायला त्यानं मला मध्यस्थ म्हणून मध्ये घातलं. मी दोड्डय्याला विचारलं. तो म्हणाला, ‘शेजारी उभं राहून? नाही.’ चिक्कय्याला विचारलं. तो म्हणाला, ‘तो काय म्हणाला?’ मी सांगितलं. ‘मग माझंही नाही.’

लेस्ली हिरमुसला. मीच म्हटलं, ‘शेजारी उभं करायचं कशाला? ओंडका घेऊन जा. एक वर, एक खाली. कापू देत, गाऊ देत.’ शेट्टरुंना वखारीची पाटी पटांगणात लागणार म्हटल्यावर लॉरी द्यायला ते तयार झाले. भाऊही तयार झाले. कापायचं तर काय, काम ते काम.

आणि लेस्लीच्या सगळ्या मंडळींसाठी शर्टांची मोठी ऑर्डर माझ्याकडे आली. त्यात दोन शर्ट या भावांचे. इथे गंमत अशी की खरे लाकूड कापणारे उघड्या अंगानं, नाहीतर विरलेल्या बनियनमध्ये काम करत होते, आणि त्यांच्यासारखं दिसायला म्हणून बाकीचे फलालीन चढवत होते. दोड्डय्यानं कापड चिमटीत धरून पाहिलं. ‘यातून घाम जाणार कुठून, अक्का?’

त्यांची मापं घेताना अप्पा दोनदा थांबले. ‘हे भाऊ आहेत ना?’ त्यांनी मला विचारलं. उंची सारखी, हाडं सारखी, पण दोड्डय्याची पाठ पुढे वाकलेली, तर चिक्कय्याची मान मागे कललेली, छाती वर आलेली. एकजण आयुष्यभर खाली बघत आला होता, दुसरा वर. मी दोघांचे शर्ट वेगळे कापले. थोरल्याला पाठ लांब, धाकट्याला पुढा लांब. दोघांनाही काखेत चौबगला दिला. चौबगला म्हणजे काखेत लावायचा चौकोनी तुकडा. आपल्या जुन्या सदऱ्यांना असायचा. त्यामुळे हात कितीही वर नेला तरी शर्ट ओढला जात नाही. फॅशनच्या शर्टाला तो कुणी लावत नाही, दिसायला बरा नाही म्हणून. पण हे दोघं त्यात खरंच करवत ओढणार होते.

चिक्कय्या ट्रायलला एकटाच आला. अप्पा जेवायला घरी गेले होते. मी धीर करून विचारलं, ‘चिक्कय्या, भावाशी का बोलत नाही?’

तो आरशात शर्टाकडे बघत होता. ‘आम्ही जंगलात होतो तेव्हा आई, आमची अव्वा, वारली. गावाहून गाडीवाला निरोप घेऊन आला. मी पाणी आणायला गेलो होतो. निरोप यानं ऐकला आणि मला सांगितला नाही. काम पुरं होईपर्यंत माझ्याबरोबर करवत ओढत राहिला. गात राहिला. मग सांगितलं. मी पोहोचलो तर राखसुद्धा नव्हती.’

मी म्हटलं, ‘मग वेगळं व्हायचं होतं.’

‘करवतीला जोडीदार नवा मिळतो होय, अक्का? हात बसायला वर्षं जातात.’ मग हात वर करून म्हणाला, ‘काखेत चांगलं झालंय.’

पुढे दोड्डय्या शर्ट न्यायला आला तेव्हा त्यालाही विचारावंसं वाटलं, पण त्याचा चेहरा पाहून माझी जीभ रेटली नाही.

जत्रेच्या दुपारी अप्पा आणि मी रिक्षानं कॅन्टोन्मेंटला गेलो. माझे शर्ट एवढ्या लोकांसमोर पहिल्यांदाच जात होते. पटांगणात गवताच्या पेंढ्या मांडल्या होत्या. मुलं, मुली, शिक्षिका, सगळे चौकड्यांत. लेस्ली कुऱ्हाड खांद्यावर घेऊन आला आणि दोस्तांबरोबर त्यानं आपली गाणी म्हटली. मी गाणी कसली ऐकते, मी खिसे बघत होते. एकही चौकडा तुटलेला नव्हता.

मग भावांची पाळी. ओंडका मांडणीवर होताच. दोड्डय्या वर चढला. चिक्कय्या खाली उभा राहिला आणि नेहमीसारखं डोक्याला फडकं बांधायला लागला. तेवढ्यात व्यवस्था बघणाऱ्या एका बाईंनी येऊन ते प्रेमानं काढून घेतलं. चेहरा दिसू दे, फोटो काढायचाय, म्हणाल्या. त्याला भाषा कळली नाही. फडकं त्यांच्या हातात गेलं.

गाणं सुरू झालं. भाषा कळणारे तिथे थोडेच होते, पण पटांगण शांत झालं. करवतीचा आवाज, वरची ओळ, खालचं उत्तर, आणि मागून लेस्लीची गिटार. दोड्डय्यानं ओळ घातली, ‘साहेबांची जत्रा, लाडवांचा वास हो.’ चिक्कय्यानं उत्तर दिलं. काही लोक हसले. अप्पा डोळे मिटून मान डोलवत होते.

आणि वारा सुटला. भुशाचा लोट सरळ खाली आला. चिक्कय्यानं करवत सोडून दोन्ही हातांनी चेहरा धरला.

वरून दोड्डय्याला काही दिसलं नाही. खालून ओढ येईना एवढंच कळलं. त्यानं ओळ पुन्हा म्हटली. उत्तर नाही. आणखी एकदा म्हटली, जरा मोठ्यानं. उत्तर नाही. गिटार थांबली.

‘चिक्का!’

ही गाण्यातली हाक नव्हती. दोड्डय्या मांडणीवरून उतरला, उतरला कसला, निम्म्यातून उडीच मारली. भावाच्या मनगटांना धरून त्यानं हात चेहऱ्यावरून खाली ओढले.

‘डोळा उघड. उघड म्हणतो ना!’

‘उघडत नाही, अण्णा.’

दोड्डय्यानं कमरेत खोचलेला शर्ट बाहेर काढला, त्याचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडवलं आणि भावाची हनुवटी वर करून डोळा पुसायला लागला. पुसायचा, फुंकर मारायचा, पुन्हा पुसायचा. चिक्कय्या लहान मुलासारखा मान वर करून उभा. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग. टाळ्यांचा कडकडाट झाला. दोघांपैकी एकानंही मान वळवून पाहिलं नाही.

ते परत करवतीला लागले नाहीत. झाडाखाली जाऊन बसले, जवळजवळ, आणि कुणीतरी दिलेलं लिंबूसरबत प्याले. अर्धा कापलेला ओंडका लॉरीत घालून परत गेला.

त्यानंतर वखारीत गाणं ऐकू येईना. ऐकू यायचं ते बोलणं. पाऊसपाणी, कालवड आता केवढी झाली, फणस कुणी चोरले, मामाच्या मुलीचं कुठे जमतंय. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं निघत होतं. करवत मध्येच थांबायची, कारण एखादी गोष्ट हात हलवून सांगावी लागायची. शेट्टरु वाकडी फळी घेऊन माझ्या खिडकीशी आले. ‘अक्का, काय केलंत तुम्ही यांना? बघा ही फळी. केळ्यासारखी!’

लेस्ली बहिणीबरोबर कायमचा ऑस्ट्रेलियाला निघाला होता. जाण्याआधी त्याला ते गाणं नीट शिकून घ्यायचं होतं. तो आला, ओंडक्यावर बसला, तारा जुळवल्या. भावांनी मान डोलवली, करवत धरली, दोनदा ओढली. दोड्डय्या एक ओळ म्हणाला आणि अडला. ‘पुढे काय असायचं रे?’ त्यानं खाली विचारलं. चिक्कय्या म्हणाला, ‘मी कुठे पाठ केलं होतं? तू म्हणायचास ते ऐकून म्हणायचो.’ मग दोघं हसत सुटले. लेस्लीनं चाल गुणगुणून दाखवली. त्यांनी ‘हो, अशीच काहीतरी’ म्हटलं.

‘आता बोलतो की,’ दोड्डय्या मला म्हणाला. ‘गायचं कशाला?’

लेस्ली दुकानात येऊन बसला. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, ‘सिस्टर, यांचं पुन्हा थोडंसं भांडण लावता येईल का? माझं जहाज सुटेपर्यंत?’

‘उसवायचे पैसे जास्त पडतील,’ मी म्हटलं. तो हसला, पण डोळे भरलेले होते. खरं सांगायचं तर मलाही ते गाणं हवं होतं. खिडकीशी बसून बाह्या जोडताना आजूबाजूला काहीतरी कमी झाल्यासारखं वाटायचं. चौकड्यांची लाटही पुढे ओसरली. मुलं अरुंद पँटी मागायला लागली.

लेस्ली गेल्यानंतरची एक दुपार सांगते आणि थांबते. मी बटणपट्टी जोडत होते. वखारीत करवत चालू होती. चिक्कय्यानं खालून विचारलं, अगदी साध्या आवाजात, जसं फणसाबद्दल विचारावं तसं, ‘अव्वाचा निरोप आला तेव्हा तू मला का नाही सांगितलंस?’

करवत थांबली.

‘गाडीवाला नदी उतरून आला आणि मागोमाग पाणी चढलं,’ दोड्डय्या म्हणाला. ‘होडी बंद झाली. पाणी उतरेपर्यंत कुणी पार जाणार नव्हतं. तुला सांगितलं असतं तर तू पोहत निघाला असतास.’

खालून चिक्कय्या म्हणाला, ‘निघालो असतो.’

‘हे मला कधी सांगितलं नाहीस,’ असं तो पुढे म्हणाला, आणि दोड्डय्या काहीतरी बोलायला लागला. त्याच्यापुढचं मी ऐकलं नाही. सुईखाली हाताला लागेल ती चिंधी सरकवली आणि मशीन जोरात चालवायला सुरुवात केली.